स्टीम डेक २ कधी येणार? थांबायचं की आहे तोच घ्यायचा?

सिंहगड_एक्सप्रेस
६ डिसेंबर २०२५, रात्री १०.१४

मंडळी, गेल्या महिन्यात १२ तारखेला व्हॉल्व्हने (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान स्टीम चालवणारी कंपनी) एका दमात तीन वस्तू दाखवल्या: टीव्हीखाली ठेवायचं स्टीम मशीन, नवा स्टीम कंट्रोलर आणि डोक्याला लावायचा व्हीआर हेडसेट स्टीम फ्रेम. तिन्ही २०२६ च्या सुरुवातीला येणार म्हणे. ज्याची आपण वाट बघत होतो त्याचं मात्र नावही निघालं नाही. तेव्हापासून आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर रोज कोणीतरी टाकतंच, "डेक २ मार्चमध्ये, पक्की खबर." या पक्क्या खबरांचा कंटाळा आला म्हणून हा धागा.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: स्टीम डेक म्हणजे हातात मावणारा पीसी. (मावणारा म्हणजे कसा, पहिल्याचं वजन ६६९ ग्रॅम आहे. आडवं होऊन खेळताना नाकावर पडला की नीट कळतं.) जुलै २०२१ मध्ये जाहीर झाला, त्याच डिसेंबरात मिळायचा होता, सुट्या भागांच्या टंचाईपायी दोन महिने लांबला आणि २८ फेब्रुवारी २०२२ पासून लोकांकडे पोचायला लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओएलईडी पडद्याचा आला (आधीचा एलसीडीचा). पडदा ७ इंचांचा ७.४ झाला, ६० हर्ट्झचे ९० झाले, बॅटरी ४० वॅट-तासांवरून ५० वर गेली आणि वजन उलट ६४० ग्रॅमवर उतरलं. चिप मात्र तीच एएमडीची, ७ नॅनोमीटरवरून ६ वर (म्हणजे आणखी बारीक) आणलेली. तिच्यातले सीपीयूचे (मुख्य प्रोसेसरचे) आणि जीपीयूचे (ग्राफिक्सचे) भाग असे: चार झेन २ कोअर, आठ आरडीएनए २ सीयू. म्हणजे ताकदीच्या हिशेबाने आपण अजून २०२२ मध्येच आहोत.

माझं मत आधीच सांगतो: २०२८ च्या आत येत नाही.

व्हॉल्व्हमध्ये डेकचं काम बघणारे पिएर-लू ग्रिफे सप्टेंबर २०२३ मध्येच बोलले होते की पुढची दोनेक वर्षं मोठी उडी शक्य दिसत नाही. ती वर्षं सरली. गेल्या महिन्यात परत विचारलं तर सूर तोच: तेवढ्याच बॅटरीत वीस, तीस, अगदी पन्नास टक्के जास्त ताकद मिळाली तरी तेवढ्यासाठी नवा डेक काढणार नाही, आणि त्याहून मोठी उडी देईल अशी चिप आज बाजारात नाही. इतर कंपन्या "योग्य वेळी कळवू" म्हणून मोकळ्या होतात. या लोकांनी चक्क अट सांगून ठेवली आहे. मग कॅलेंडर कशाला बघायचं? ती अट कधी पुरी होईल ते बघू.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. लीक टाकणाऱ्यांनी निदान कुठून आलं ते लिहावं.

पेठेतला_पाहुणा
६ डिसेंबर, रात्री १०.२०

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर उद्या.

भिडे_पूल_पाण्याखाली
६ डिसेंबर, रात्री ११.०२

कॅलेंडर का बघायचं नाही? साधा हिशेब आहे. निन्टेन्डोची स्विच ओएलईडी ऑक्टोबर २०२१, स्विच २ जून २०२५. ओएलईडीनंतर पावणेचार वर्षांनी वारसदार. डेक ओएलईडी नोव्हेंबर २०२३, त्यात पावणेचार मिळवले की २०२७ चा पावसाळा. व्हॉल्व्हची लांबवायची सवय धरून आणखी तीन महिने द्या. २०२७ ची दिवाळी. लिहून ठेवा.

नारायणपेठी_शंका
७ डिसेंबर, सकाळी ७.३५

लिहून ठेवलं. पण एका जोडीवरून नियम बसवता येत नाही. पूर्ण यादी घ्या की.

निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९, गेम बॉय ॲडव्हान्स २००१: बारा वर्षं, मध्ये १९९८ ला कलर येऊन गेला. ॲडव्हान्स ते डीएस (नोव्हेंबर २००४): चार वर्षंही पुरी नाहीत. डीएस ते थ्रीडीएस सव्वासहा. थ्रीडीएस ते स्विच सहा. स्विच ते स्विच २ सव्वाआठ. सोनीकडे पीएसपी डिसेंबर २००४, व्हीटा डिसेंबर २०११, बरोबर सात. आणि व्हीटानंतर? काहीच नाही. हा आकडा सरासरीत कसा धरणार ते सांगा.

यात बघण्यासारखा आहे तो डीएस. तो एवढ्या घाईने का आला? पीएसपी त्याच सुमाराला येऊन ठेपला होता म्हणून. निन्टेन्डो तर डीएसला वारसदार म्हणायलाही तयार नव्हती. तिसरा खांब म्हणत होती, म्हणजे आपटला तर गेम बॉय शाबूत. समोरून कोणी अंगावर आलं की वारसदार लवकर जन्माला येतो. डेकच्या अंगावर कोण आलंय?

भिडे_पूल_पाण्याखाली
७ डिसेंबर, सकाळी ९.१०

कोण म्हणजे? ॲसस, लेनोव्हो, एमएसआय, सगळेच आलेत. ऑक्टोबरात एक्सबॉक्सचं नाव लावून आरओजी ॲलाय सुद्धा आला.

ताथवडे_नाइट_शिफ्ट
७ डिसेंबर, दुपारी १.४८

आता उठलो. चिपच्याच धंद्यात आहे (खेळांच्या नाही, गाड्यांच्या), त्यामुळे राहवत नाही.

त्या एक्सबॉक्स ॲलायचंच घ्या. दोन मॉडेल आहेत. स्वस्तातल्याची अमेरिकेत किंमत ६०० डॉलर, आणि त्यात एएमडीची झेड२ ए चिप. उघडून बघितली तर काय निघतं? चार झेन २ कोअर, आठ आरडीएनए २ सीयू. ओळखीचं वाटतंय ना? डेकचंच घराणं, जरा जास्त वीज पाजलेलं. २०२५ च्या ऑक्टोबरात एवढी मोठी कंपनी नवं मशीन आणते आणि २०२२ ची चिप निवडते, याचा अर्थ कमी वॅटमध्ये, कमी पैशात तिच्याहून फार पुढे जाणारं काही हाताशी नाही. महागडं मॉडेल १,००० डॉलरचं. त्याची झेड२ एक्स्ट्रीम चिप वेगवान आहेच, पण सोबत ८० वॅट-तासांची बॅटरी आणि ७१५ ग्रॅम वजन. डेक ४ ते १५ वॅटमध्ये चालतो. झेड२ एक्स्ट्रीमचा पट्टा १५ ते ३५ चा. तिला १५ ला बांधून ठेवली की डेकपुढची तिची आघाडी आकसते. यूट्यूबवर जे तक्ते फिरतात ते बहुतेक २५-३० वॅटचे असतात, तेव्हा खालची बारीक अक्षरं वाचत जा.

आता खरी अडचण, जिच्याबद्दल लोक कमी बोलतात: मेमरीचा वेग. अशा चिपमध्ये ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, सीपीयू आणि जीपीयू एकाच नळाचं पाणी पितात. डेकची बस (म्हणजे तो नळ) १२८ बिट रुंद, मेमरी एलपीडीडीआर५, सेकंदाला ८८ जीबी. ओएलईडीत १०२. आजची ८००० वेगाची मेमरी त्याच रुंदीवर लावली तर १२८ जीबी. चार वर्षांत दीडपटसुद्धा नाही. एवढ्यात जीपीयूचे कोअर दुप्पट करून काय होणार? चांदणी चौकात उड्डाणपूल बांधायचा आणि पुढे पौड रस्ता होता तेवढाच ठेवायचा.

बस २५६ बिट करता येते. एएमडीच्या स्ट्रिक्स हेलोमध्ये तेच केलंय. ती चिप घालून जीपीडीने विन ५ काढला, तर ८० वॅट-तासांची बॅटरी बाहेरून अडकवायची वेळ आली. हँडहेल्ड म्हणायचं की कमरेला बांधायचं ते ठरवा.

उरला मार्ग नव्या मेमरीचा. एलपीडीडीआर६ चं मानक जेडेकने (मेमरीची मानकं ठरवणारी संस्था) जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं. एलपीडीडीआर५ चं फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं होतं आणि ती मेमरी लावलेला डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये. बरोबर तीन वर्षं. तेवढीच आता धरली तर जुलै २०२८. म्हणून सिंहगडरावांच्या २०२८ ला माझं अनुमोदन, कारण वेगळं असलं तरी.

सिंहगड_एक्सप्रेस
७ डिसेंबर, दुपारी २.३०

क्या बात है! मी वॅटपाशी थांबलो होतो, तुम्ही मेमरीपर्यंत नेलंत. त्यात एक भर: ऑक्टोबरात सोनीच्या प्लेस्टेशनचे रचनाकार मार्क सर्नी आणि एएमडीचे जॅक हुइन यांचा एक व्हिडिओ आला, दोघांच्या भागीदारीतल्या प्रोजेक्ट ॲमेथिस्टवर. त्यात "युनिव्हर्सल कॉम्प्रेशन" म्हणून एक भाग आहे. जीपीयूकडे जाणारा-येणारा सगळाच डेटा तपासून जमेल तिथे दाबून पाठवायचा. सर्नी हे काही वर्षांत येणाऱ्या कन्सोलसाठी सांगत होते, पण पाण्याचा तुटवडा असतो तिथे ठिबक सिंचनाचं महत्त्व जास्त, तसं याचा फायदा हँडहेल्डला अधिक व्हावा. हे तंत्र एएमडीच्या पुढच्या पिढीत आलं आणि त्या पिढीची छोटी चिप व्हॉल्व्हने उचलली, तर "पन्नास टक्के नको, खरी उडी हवी" ही अट बसू शकते. हा शुद्ध तर्क आहे. ग्रुपवर "पक्की खबर" म्हणून फिरवू नये ही विनंती.

वडगाव_शेरी_वायफाय
७ डिसेंबर, सायंकाळी ६.१९

एवढा काथ्याकूट कशाला? एआरएम (मोबाइलच्या जातीची) चिप टाका, विषय संपला. स्टीम फ्रेममध्ये स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ आहे आणि त्यावर डेकचंच स्टीमओएस चालतंय. पीसीचे गेम फेक्स नावाच्या भाषांतरकाराकरवी चालवणार आहेत. ही डेक २ ची रंगीत तालीम आहे, दुसरं काही नाही.

ताथवडे_नाइट_शिफ्ट
७ डिसेंबर, रात्री ८.०५

रंगीत तालीम असू शकते, नाकारत नाही. पण डेकवर आज आधीच एक दुभाषी बसलेला आहे. विंडोजचा गेम लिनक्सवर चालवायला प्रोटॉन. एआरएम घेतलं की त्याच्या डोक्यावर दुसरा: एक्स८६ च्या (पीसीच्या चिपच्या) सूचना एआरएममध्ये फिरवणारा फेक्स. प्रोटॉन फारसं काही खात नाही, कारण तिथे चिपच्या सूचना बदलाव्या लागत नाहीत. फेक्सला त्या बदलाव्याच लागतात, आणि ते काम सीपीयूच्या माथी. जड गेममध्ये, जिथे आधीच जीव मेटाकुटीला येतो तिथे, हे परवडेल? फ्रेमचं मुख्य काम पीसीवरून स्ट्रीम करण्याचं आहे, त्यावर थेट चालणारे गेम हा जोडधंदा. डेकचा तोच मुख्य धंदा आहे.

नारायणपेठी_शंका
७ डिसेंबर, रात्री ८.४०

पाहुणे रुमाल टाकून गेले ते परत आले नाहीत. जागा सोडावी काय?

हिंजवडी_फेज_थ्री
८ डिसेंबर, सकाळी ९.५१ (वाकडच्या पुलावरून)

मी तांत्रिक माणूस नाही, फक्त एक नोंद. डेकची पहिली खेप सुटली २८ फेब्रुवारी २०२२ ला. पुणे मेट्रो सुरू झाली ६ मार्च २०२२ ला, वनाज ते गरवारे आणि पिंपरी ते फुगेवाडी. एका आठवड्याच्या अंतराने. तेवढ्या काळात मेट्रो रामवाडीला आणि स्वारगेटला पोचली, आणि डेक ७.४ इंचांवर. आमच्या हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन तर डिसेंबर २०१८ मध्ये झालंय. मी अजून वाकडमध्ये उभा आहे.

तर पैज: हिंजवडी मेट्रो आधी की डेक २ आधी? माझा चहा आणि क्रीमरोल मेट्रोवर. म्हणजे पैसे मेट्रोवर, विश्वास कशावरच नाही.

भिडे_पूल_पाण्याखाली
८ डिसेंबर, सकाळी १०.०७

हा हा! मेट्रोवर दोन क्रीमरोल. खांब उभे राहिले आहेत निदान. डेक २ चा खांबही दिसत नाही.

बाजीरावरोड_जुनी_कॅसेट
८ डिसेंबर, दुपारी ३.३३

तुम्हा सगळ्यांचं एक गृहीत आहे की वारसदार येणारच. मी व्हीटावाला आहे, त्यामुळे मला तसं काही वाटत नाही.

आमच्या वेळी टीव्हीला जोडायचा गेम आणि त्याच्या पिवळ्या कॅसेटी, फुंकर मारून लावायच्या. मग तुळशीबागेच्या बाजूला मिळणारे ते ब्रिक गेम. पुढे पगार सुरू झाल्यावर पीएसपी आणि त्यानंतर व्हीटा. आपल्याकडे व्हीटा २०१२ च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे आला होता, वायफायवाला १९,९९० ला. ओएलईडी पडदा होता त्याला, २०११ साली! सोनीने २०१३ मध्ये नवं पातळ मॉडेल काढलं आणि त्यात चक्क एलसीडी बसवला. डेक ज्या जिन्याने वर चढला त्याच जिन्याने व्हीटा खाली उतरला. मेमरी कार्ड सोनीचंच लागायचं, भाव असा की कार्ड घ्यायचं की गेम असा प्रश्न पडावा. २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. वारसदाराच्या अफवा तेव्हाही रोज असायच्या. वारसदार म्हणून शेवटी काय आलं? २०२३ चा पोर्टल. पीएस५ घरात असेल तर तिचंच चित्र हातात दाखवणारा पडदा. आपल्याकडे तो १८,९९० ला आला, पण त्यावरचं क्लाउड स्ट्रीमिंग आपल्याला नाही, कारण त्याला लागणारी प्रीमियम वर्गणीच भारतात नाही. इथे डिलक्स आहे, तिच्यात स्ट्रीमिंग येत नाही.

आता सोनी पुन्हा खराखुरा हँडहेल्ड करते आहे अशा बातम्या आहेत. असू देत. माझं कपाट भरलेलं आहे.

सिंहगड_एक्सप्रेस
८ डिसेंबर, सायंकाळी ७.१२

जुनी_कॅसेट दादा, मुद्दा पटला. पण व्हीटा आणि डेक यात एक मोठा फरक आहे, आणि त्यामुळेच मला वाटतं की डेक २ ची तारीख आपण समजतो तेवढी महत्त्वाची नाही.

व्हीटाचे गेम व्हीटाचे होते. मशीन गेलं की गेम गेले. स्विचचंही पाहा. स्विच २ आल्यावर निन्टेन्डोचे मोठे गेम हळूहळू फक्त तिच्यासाठी यायला लागले, आणि जुन्यावाल्यांना सरकावंच लागणार. डेकसाठी असा कोणी गेम बनवतच नाही. बनतात ते पीसीसाठी. डेक २ आला म्हणून माझ्या लायब्ररीतला एकही गेम बंद पडणार नाही, आणि आज घेतलेला गेम डेक २ वर, लॅपटॉपवर, त्या स्टीम मशीनवर तसाच उघडेल. मग "थांबलो नाही तर नुकसान" हे कशात? फक्त मशीनच्या पैशात.

उलट व्हॉल्व्हला घाई न करण्यात फायदा आहे. आज गेम बनवणाऱ्याला "डेकवर नीट चालतो" असा हिरवा शिक्का मिळवायचा तर एकच लक्ष्य समोर आहे. तेच ८०० ओळींचं रिझोल्यूशन, तीच चिप, लाखो लोकांकडे. दर दोन वर्षांनी नवं मशीन काढलं की हे लक्ष्य फुटतं. मग विंडोज हँडहेल्डवाल्यांसारखं प्रत्येकाने आपापलं सेटिंग शोधत बसायचं.

डेकला धोका आहे तो कन्सोलच्या पुढच्या पिढीचा. पीएस५ आणि एक्सबॉक्सही झेन २, आरडीएनए २ च्याच काळातले, म्हणून त्यांचे गेम दाबून-चेपून डेकवर बसतात. पीएस६ आली आणि खेळांची किमान गरज वर सरकली की डेक खरंच म्हातारा. वारसदार त्या सुमारास लागेल. त्याआधी लागत नाही.

डहाणूकर_कॉलनी
९ डिसेंबर, दुपारी १२.२५

नमस्कार. हा धागा मला माझ्या मुलानेच पाठवला. "बघ आई, सगळे थांबा म्हणताहेत." तो बारावीला आहे, फेब्रुवारीत बोर्ड. त्याला परीक्षेनंतर हे यंत्र घेऊन द्यायचं कबूल केलं होतं. आता त्याचं म्हणणं, दुसरं येईपर्यंत मी थांबतो, तोवर त्याऐवजी आत्ताच ग्राफिक्स कार्ड दे. यात काहीतरी गडबड आहे असं वाटतंय पण नेमकी कुठे ते कळत नाही.

नारायणपेठी_शंका
९ डिसेंबर, दुपारी १२.४१

काकू, गडबड "आत्ताच" या शब्दात आहे.

डहाणूकर_कॉलनी
९ डिसेंबर, दुपारी १२.४४

काकू नका म्हणू हो, या साइटवर मी तुमच्याआधीपासून आहे. पण उत्तर पटलं.

ताथवडे_नाइट_शिफ्ट
९ डिसेंबर, दुपारी २.१५

ताई, ग्राफिक्स कार्ड दिलंत की डेक २ येईपर्यंत तो डेक विसरलेला असेल आणि पॉवर सप्लाय, मग मॉनिटर, मग केस मागेल. मी त्याच वयात त्याच मार्गाने गेलो आहे. मुलाला माझा नमस्कार सांगा, डोकं चालतंय पोराचं.

सिंहगड_एक्सप्रेस
९ डिसेंबर, रात्री ९.३०

ताई, एक महत्त्वाचं. स्टीम डेक भारतात अधिकृतपणे कधीच विकला गेलेला नाही. जपान, कोरिया, तैवान, हाँगकाँगला २०२२ च्या अखेरीस गेला, ऑस्ट्रेलियाला नोव्हेंबर २०२४ मध्ये. नवीन तीन वस्तूही जिथे डेक जातो तिथेच जाणार आहेत, म्हणजे आपण पुन्हा बाहेर. तेव्हा डेक २ अमेरिकेत ज्या दिवशी येईल त्या दिवशी पुण्यात येईल असं समजू नका. इथे मिळतो तो कोणाच्या तरी बॅगेतून आलेला किंवा मधल्या दुकानदाराने आणलेला. ओएलईडीची छापील किंमत ५४९ डॉलर. परवा रुपयाने नव्वदी ओलांडली, म्हणजे साधारण ४९,४०० रुपये. दुकानदार त्यावर बरंच चढवतात आणि वॉरंटी म्हणजे त्यांचा शब्द.

माझ्या एका मित्राने शहरातल्याच एका दुकानातून "सीलबंद" म्हणून घेतला. घरी उघडल्यावर आत कोणाचं तरी खातं लॉग-इन होतं. तेव्हा दुकानात उभं राहून चालू करून बघा: दोन्ही काठ्या गोल फिरवा, चारी मागची बटणं दाबा, डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन बॅटरीची क्षमता किती उरली ते पाहा. अधिकृतच हवं असेल तर आरओजी ॲलायसारखे विंडोजवाले आपल्याकडे रीतसर मिळतात, २०२३ मध्ये पहिला ६९,९९० ला आला होता.

वडगाव_शेरी_वायफाय
९ डिसेंबर, रात्री १०.०२

काठ्या काय, ॲनालॉग स्टिक म्हणा हो.

सिंहगड_एक्सप्रेस
९ डिसेंबर, रात्री १०.०४

त्या घासल्या गेल्या आणि बदलून घ्यायला तापकीर गल्लीत गेलात की तिथला माणूस "काडी गेली का साहेब?" असंच विचारतो. आणि नीट बदलूनही देतो.

भिडे_पूल_पाण्याखाली
२१ डिसेंबर, सकाळी ११.१६

धागा वर काढतोय, कारण बातमी आहे. २५६ जीबीचा एलसीडी डेक बंद! व्हॉल्व्हने स्टोअरवर लिहिलंय की उत्पादन थांबवलं, आहे तो साठा संपला की संपला. ३९९ डॉलरवाला गेला. जुना माल काढून टाकताहेत म्हणजे नवा येतोय. माझी २०२७ ची दिवाळी आता २०२६ ची करू का?

नारायणपेठी_शंका
२१ डिसेंबर, सकाळी ११.५०

लिहून ठेवलेलं खोडता येत नाही.

आणि ही चिन्हं वाचायची सवय जुनी आहे. २०२१ मध्ये अख्खं जग "फोर-के स्विच प्रो" येतोय म्हणत होतं, नामांकित वृत्तसंस्थेच्या बातम्या होत्या. जुलैत निन्टेन्डोने पडदा बदललेली स्विच दाखवली. फोर-के वगैरे काही नाही. खऱ्या वारसदाराला त्यानंतर चार वर्षं लागली.

ताथवडे_नाइट_शिफ्ट
२१ डिसेंबर, दुपारी ३.२०

मला ही बातमी उलट्या दिशेची वाटते. मेमरीचे भाव बघताय ना? एआयच्या डेटा सेंटरसाठी सगळा माल तिकडे चाललाय. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने ३ डिसेंबरला आपल्या क्रूशल ब्रँडचा ग्राहकांसाठीचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. डेकमध्ये १६ जीबी मेमरी आणि वर एसएसडी. ३९९ ला विकणं व्हॉल्व्हला पहिल्या दिवसापासून जड जात होतं, व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल तेव्हा तसं बोललेही होते. या भावात तो परवडणं बंद झालं असेल, एवढाच माझा अर्थ.

आणि हे खरं असेल तर डेक २ ला ते आणखी लागू होतं. त्याला १६ पुरणार नाहीत, २४ किंवा ३२ लागतील, तेही सगळ्यात नव्या, सगळ्यात महाग मेमरीचे. मेमरी उतरल्याशिवाय स्वस्त डेक २ निघणार नाही, आणि महाग डेक काढायचा तर ती जागा ॲलायने आधीच घेतलेली आहे. माझा जुलै २०२८ मी आता २०२८ ची अखेर करतो.

सिंहगड_एक्सप्रेस
२१ डिसेंबर, दुपारी ४.०८

सहमत. शिवाय स्टीम मशीनची किंमत अजून सांगितलेली नाही, तिच्यातही १६ जीबी आणि ग्राफिक्सची वेगळी ८ जीबी आहे. ती किंमत कळली की डेक २ बद्दल कोणत्याही लीकपेक्षा जास्त कळेल. जानेवारीत सीईएसला (अमेरिकेतलं इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन) एएमडी काय दाखवते तेही बघू. तिथे १५ वॅटबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही तर आपापल्या कामाला लागायचं.

पेठेतला_पाहुणा
२१ डिसेंबर, सायंकाळी ५.४५

रुमाल उचलतो. मी जे लिहिणार होतो ते सगळं लिहून झालंय.

डहाणूकर_कॉलनी
२२ डिसेंबर, सकाळी १०.३०

आमच्याकडे तह झाला. बोर्ड झाल्यावर ओएलईडी. माझा भाचा मे महिन्यात अमेरिकेहून येतोय, त्याच्याकडून मागवते. ५१२ जीबी सांगू की १ टीबी?

वडगाव_शेरी_वायफाय
२२ डिसेंबर, सकाळी १०.४८

१ टीबी. १०० डॉलरच जास्त आहेत, आणि त्याची काच चमक न मारणारी असते. एसएसडीचे भावही वाढताहेत.

ताथवडे_नाइट_शिफ्ट
२२ डिसेंबर, दुपारी १.५५

५१२. विमानतळावर आजच्या (डिसेंबर २०२५ च्या) नियमाने ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानाला ड्यूटी नाही. ५४९ डॉलर त्याच्या जेमतेम आत बसतात, ६४९ बसत नाहीत. भाच्याच्या राज्यात सेल्स टॅक्स किती लागतो ते आधी विचारा, आणि बिल सोबत ठेवायला सांगा.

जागा कमी पडली तर मायक्रोएसडी कार्ड घाला, गेम त्यावरूनही चांगले चालतात. त्याहून हवी असेल तर २२३० मापाची एसएसडी आणून घरी बदलता येते, मागे आठ स्क्रू आहेत. फक्त मागचं कव्हर उघडायच्या आधी ते मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढायला पोराला बजावून सांगा. राहिलं आत तर कव्हर निघताना मधोमध तुटतं.